पाण्याकडे पाठ

होड्यांच्या शर्यतीला जाऊन होडीचा एकही फोटो न काढणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. त्या नारळी पुनवेचे शंभराच्या वर फोटो माझ्याकडे आहेत आणि त्यात नुसती तोंडं आहेत. उघडी, मिटलेली, पदर चावणारी, शिट्टीसाठी दोन बोटं घातलेली. माझा भाचा ते बघून कपाळाला हात लावतो. ‘आत्या, अगं जिंकलं कोण ते तरी कळायला नको?’ म्हणतो. मी त्याला उत्तर देत नाही. द्यायचं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, आणि त्या मुलाला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. म्हणून इथे लिहिते.

कॅमेरा साधाच, पर्समध्ये मावणारा. बोईसरला औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये लागले, तेव्हाच्या पहिल्या बोनसमधून घेतला. मी अजून तिथेच आहे आणि तोही माझ्याकडेच आहे. बॅटरीचं दार नीट बसत नाही म्हणून त्याला रबरबँड लावलाय. मागचा पडदा दोन बोटं रुंद. हल्ली कॉलेजातल्या मुली असले जुने कॅमेरे हौसेने शोधत फिरतात म्हणे. माझ्या भाचीचा त्याच्यावर डोळा आहे, पण मी मेल्याशिवाय मिळणार नाही असं तिला स्वच्छ सांगून ठेवलंय.

‘फोनवर काढ ना’ असं मला जो म्हणेल त्याच्याशी मी भांडते. फोन समोर धरला की माणसं फोनसाठी हसतात. केस सारखे करतात, पोट आत घेतात. माझ्या डबीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ही बाई बिल्डिंगच्या किल्ल्या हातात घेऊन उभी आहे असंच त्यांना वाटतं. आणि मला तर तेच हवं असतं. जत्रेत पालखीकडे बघणारी माणसं, सर्कशीत झोक्याकडे बघणारी माणसं. ते काय बघतात त्याच्याशी मला कधी फारसं देणंघेणं नव्हतं. बघताना माणूस स्वतःला विसरतो आणि तेव्हा तो मला फार आवडतो.

तर मावशी. मावशी म्हणजे आमच्या कॉलनीत मासळीची टोपली घेऊन येणारी म्हावरेवाली. घिवलीच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी तिचं गाव. तिचा नवरा गावातल्या वरच्या आळीचा तांडेल होता, बोट नेणारा मुख्य माणूस. तो गेल्यावर हिने टोपली उचलली आणि मुलाला मोठं केलं. माझं आणि तिचं नातं भांडणाचं. मी म्हणणार, मावशी, हे बोंबील कालचे आहेत. ती म्हणणार, तूच कालची हायस. मग ती पायरीवर बसून माझ्या हातचा चहा पिणार आणि चहात साखर कमी म्हणून पुन्हा भांडणार. आठवड्यात ती दोनदा आली नाही तर मला करमत नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

त्या वर्षी श्रावणात ती म्हणाली, ‘बाय, पुनवेला ये आमच्याकडं. खाडीत होड्या पळवतान. तुजी ती डबी घेऊन ये.’

‘तुझे फोटो काढीन,’ मी म्हटलं.

‘माजा काडलास तर पापलेट बंद. आधार कार्डावर माजं तोंड बगितलंस? पोलीस पकडतील. माज्या सुनेचे काड. तिची पयली पुनव हाय आमच्यात.’

पुनवेला सुट्टी टाकली आणि शेअर रिक्षाने, मग दुसऱ्या शेअर रिक्षाने, मग चिखलातून चपला हातात घेऊन गावात पोचले. भरतीची वेळ दुपारची होती. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. लाउडस्पीकर दोन, आणि दोन्हीवर वेगवेगळी गाणी. गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि दोघींच्या होड्या समोरासमोर सजवून उभ्या. पुनवेला एका आळीच्या सगळ्या बायकांनी एकाच रंगाची साडी नेसायची असा तिथला रिवाज. त्या वर्षी वरच्या आळीने हिरवी घेतली होती आणि खालच्या आळीने राणी कलरची. कोण कुठली हे लांबूनच कळावं, एवढा सरळ हिशेब.

मावशीची सून मात्र त्या हिशेबात बसत नव्हती. पोर खालच्या आळीची, लग्न होऊन आली वरच्या आळीत. माहेर सासरपासून हाकेच्या अंतरावर. अंगावर हिरवीगार साडी, चापूनचोपून नेसलेली, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. वरच्या आळीच्या होडीत पहिल्या वल्ह्यावर तिचा नवरा. खालच्या आळीच्या होडीत पहिल्या वल्ह्यावर तिचा सख्खा भाऊ.

‘राखी बांधलीस का गं भावाला?’ मी सहज विचारलं. पुनव म्हणजे राखीही त्याच दिवशी.

तिने कमरेची गाठ दाखवली. राखी पदरात बांधलेली होती. शर्यत होईपर्यंत पुनवेला एका आळीतलं माणूस दुसऱ्या आळीत पाऊल टाकत नाही म्हणे. हा काय खुळेपणा, असं मी म्हणणार होते, पण मावशीने डोळे वटारले.

मावशीच्या हातात पितळेचं तबक होतं. चिंच लावून असं घासलेलं की त्यात माझंच नाक दिसत होतं. जी आळी जिंकेल तिची नवी सून होडीला ओवाळते, आणि पुढच्या वर्षी तीच होडी नारळ घेऊन सगळ्यांच्या पुढे निघते. वरची आळी पाच वर्षं हरत होती. ‘यंदा माजी सून ओवाळनार,’ मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. लोक हसत होते. खालच्या आळीच्या बायका लांबून ओरडल्या, ‘ए, तबक नीट पकड, आमची पोर हाय ती, रडल!’ आणि मावशीने त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

एक जण मात्र मस्करीत असं बोलला की सुनेचा चेहरा उतरला. ‘आज कळंल,’ तो म्हणाला, ‘ती साडीची हाय का रगताची.’ सगळे हसले. सून हसली नाही. मावशीही हसली नाही, पण तेव्हा मला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

सून ठेंगणी. तिला दिसावं म्हणून कुणीतरी मासळीचा प्लास्टिकचा क्रेट उपडा टाकला, त्यावर ती चढली. धक्का ओला, क्रेट डगमगता. मी पाण्याकडे पाठ करून धक्क्याच्या अगदी कडेला, एका खुंट्याला टेकून उभी राहिले. समोर सगळं गाव. एवढी तोंडं एकाच जागी, ऊन-सावलीत, आणि माझ्याकडे एकाचंही लक्ष नाही! मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

शिट्टी झाली. माझ्या पाठीमागे वल्ह्यांचा आवाज, ओरडा, आणि पुढे ही सगळी तोंडं. एक म्हातारा ओठांनी वल्हवत होता, खरंच, ओठ पुढे-मागे. एका बाईने शेजारणीची वेणी घट्ट धरली होती आणि शेजारणीला पत्ता नव्हता. मी बटण दाबत राहिले. शेवटी शेवटी तर दाबूनच धरलं. मग एकदम दोन्ही रंग उडाले, हिरवा आणि राणी, आणि एवढा गलका झाला की लाउडस्पीकरवाला घाबरून गाणं बंद करून बसला.

मी मागे वळले तोवर दोन्ही होड्या धक्क्याच्या पलीकडे गेल्या होत्या आणि दोन्हीतले लोक वल्ही वर करून नाचत होते.

शेवटची रेघ म्हणजे चिखलात रोवलेले दोन बांबू. तिथे पंच म्हणून गावातला एक जुना, मानाचा माणूस खुर्ची टाकून बसवला होता. नेमक्या त्या क्षणी त्याच्या डोक्यावरच्या ताडपत्रीत साचलेलं पावसाचं पाणी त्याच्या अंगावर आलं. त्याने वर बघितलं. एवढंच. वर्षभर ज्याची वाट बघितली ते त्याच्या नाकासमोरून गेलं आणि तो ताडपत्रीला शिव्या देत होता.

मग जे व्हायचं ते झालं. आम्ही, नाही आम्ही. मावशीच्या मुलाने वल्हं धक्क्यावर आपटलं तर मावशी लांबूनच ओरडली, ‘आपट, आपट, बापाचं वल्हं हाय ते!’ तेव्हा त्याने ते हळूच खाली ठेवलं. फोन निघाले. पन्नास तरी व्हिडिओ असतील, आणि एकातही काही नाही. शेवटच्या क्षणी प्रत्येकाने फोनसकट उडी मारली होती. कुणाच्या व्हिडिओत आभाळ, कुणाच्यात समोरच्याची बगल.

‘त्या बायनं काडलेत ना फोटू!’ कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. ‘ती तर फुडंच हुबी होती!’

गर्दी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, ‘माझ्याकडे होडीचा फोटो नाही हो.’

‘म्हनजे?’

‘मी तुमचे काढले.’

आधी कुणाला समजेना, मग असा हशा पिकला की मला पाण्यात उडी मारावीशी वाटली. शर्यतीला येऊन पाण्याकडे पाठ करून उभी राहिली, हे त्यांना काही केल्या पचेना. पण पंच हसला नाही. डोक्यावरून पाणी निथळत होतं, तसाच तो म्हणाला, ‘तोंडं तर तोंडं. दाखव. होडी पुडं आली की जिची होडी तिला आदी कळतं. साड्या कशाला नेसल्यात दोन रंगाच्या?’

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, तिथेच तर माझं चुकलं. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. माझ्या डबीवर गावाचा निकाल लागणार! रबरबँड सारखा करून, घाम पुसून मी फोटो मागे मागे नेले. दोन आळ्यांचे चार शहाणे, चष्मे पुसून, डोक्याला डोकं लावून दोन बोटांच्या पडद्यावर वाकले.

एका फोटोत सगळ्यांनी श्वास धरलेला. पुढच्याच्या पुढच्यात सगळे उडालेले, दोन्ही रंग, सारखेच. आणि त्या दोहोंच्या मधला एक. त्यात सगळे अजून श्वास धरूनच आहेत आणि एकच बाई दोन्ही हात आभाळात फेकून हसते आहे. साडी हिरवी.

‘हिरवी! हिरवी!’ वरच्या आळीचा एक जण किंचाळला. ‘जितलो!’

‘थांब,’ पंच म्हणाला. ‘मोटं कर गं बाय.’

मी मोठं केलं. ती क्रेटवर उभी असलेली मावशीची सून होती.

आधी वरच्या आळीचा आवाज बसला, मग खालच्या आळीचा. सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी तेच आलं. हात तर हिने सगळ्यांच्या आधी उडवले. पण कुणासाठी? नवऱ्यासाठी की भावासाठी? क्रेटवर होती, तिला सगळ्यांपेक्षा स्वच्छ दिसलं होतं. आता निकाल पडद्यावर नव्हता, तिच्या तोंडात होता. ‘सांग पोरी,’ पंच म्हणाला. ‘कोन आलं पुडं?’

ती क्रेटवरून उतरलेली, पदरातली राखीची गाठ मुठीत धरून उभी. एका बाजूला भाऊ, ओलाचिंब. दुसऱ्या बाजूला नवरा, ओलाचिंब. आणि मघाचा तो मस्करीवाला, ‘आज कळंल’ म्हणणारा, तिच्या तोंडाकडे टक लावून. नवऱ्याचं नाव घेतलं तर माहेरचे म्हणणार साडी बदलली तशी पोर बदलली. भावाचं घेतलं तर सासरी जन्मभर ऐकावं लागणार. तिने मान खाली घातली. मूठ आणखी आवळली. मला माझी अशी लाज वाटली म्हणून सांगू! ते हसू तिचं होतं. कुणी बघत नाही असं वाटून ती ते हसली होती, आणि मी ते चोरून आणून चव्हाट्यावर मोठं करून दाखवलं होतं.

कॅमेरा बंद करावा की फेकून द्यावा या विचारात होते, तेवढ्यात मावशी गर्दीत घुसली. माझ्या हातातून डबी ओढली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. तिला जवळचं दिसत नाही हे मला माहीत आहे, माझे बोंबील ती चाचपून मोजते.

‘तिला काय इचारतान?’ ती म्हणाली. ‘मी होते ना तिच्या बाजूला. मी बगलं. खालच्या आळीची आली पुडं. हातभर.’

‘आई!’ तिचा मुलगा ओरडला.

‘ओरडू नको. हरलास. जेवत नाय नीट, हरनारच.’

वरच्या आळीची बाई, तांडेलाची बायको, पहिल्या वल्ह्यावर जिचा मुलगा, तीच आपल्या आळीच्या विरुद्ध बोलते आहे म्हटल्यावर निकाल लागलाच. पंचाने शिट्टी वाजवली आणि खालची आळी अशी काही नाचली की धक्का हलला. मावशीने ते घासलेलं तबक सुनेच्या हातात दिलं. ‘शर्यत सरली. आज राखी हाय. जा, भावाला ओवाळ. तबक परत आन, पितळेचं हाय,’ म्हणाली.

पोर पळालीच. चिखलात, साडी वर धरून. नवरा थोडा वेळ फुरंगटून उभा राहिला, मग तोही तिच्या मागोमाग गेला आणि मेहुण्याच्या पाठीत एक धपाटा घालून परत आला. मला मावशीने भाताबरोबर कोलंबीचं कालवण वाढलं आणि मीठ कमी आहे असं मी म्हणेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी, सवडीने, मी ते फोटो कॉम्प्युटरवर टाकले. त्या मधल्या फोटोशी येऊन थांबले. मोठ्या पडद्यावर सून होती, हात आभाळात. आणि तिच्या कमरेला हिरव्या साडीत रुतलेला एक हात होता. धक्क्यावर त्या दोन बोटांच्या पडद्यावर तो कुणाला दिसलाच नव्हता. हाताच्या मागे मावशी. पोर क्रेटवरून पडू नये म्हणून तिला घट्ट धरून उभी. पुढे दोन उंच बायका, त्यांच्या खांद्यांच्या फटीतून मावशीचं तोंड तेवढं दिसत होतं, पण त्या पाठींमुळे तिला खाडी धड दिसणं शक्य नव्हतं. आणि दिसत असती तरी उपयोग नव्हता, कारण सगळ्या गावाची मान पाण्याकडे होती आणि एकट्या मावशीची मान वर होती. ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती. आणि हसत होती, असं की मी तिला तसं हसताना आजवर पाहिलं नव्हतं.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

स्टेशनजवळच्या स्टुडिओतून त्याची प्रिंट काढून आणली. मावशी आली, पायरीवर बसली, चहा घेतला, साखरेवरून बोलली. मी फोटो पुढे केला. तिने तो हात लांब करून बराच वेळ बघितला.

‘सांगितलं होतं काडू नको,’ म्हणाली. ‘तोंड वाकडंच आलंय.’

‘मावशी, तू तर म्हणालीस मी बघितलं. तू सुनेकडे बघत होतीस.’

‘मग? पडली असती ती. तुमच्या शेरातली नाय ती, पडली की माज्याच गळ्यात.’ मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून, ‘बाय, खरं सांग. तू फुडं होतीस, यकदा तरी वळून बगलं असशील. कोन आलं पुडं?’

‘माझी पाठ होती गं पाण्याकडे!’

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून गॅलरीत आली. मावशीने डोळे पुसले. फोटो पोलक्यात सारला.

‘अगं, मग सुनेला विचार की,’ मी म्हटलं. ‘तिलाच तर दिसलं. एकटीला.’

मावशीचं हसू थांबलं. तिने टोपली पुढे ओढली आणि चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

‘नाय,’ म्हणाली. ‘तिला नाय इचारायचं. कुनाचं पन नाव घेतलं तरी पोरीला रडू येल.’

मग मला म्हणाली, हात लाव, आणि मी टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली.